उडता उडता पडणे

लॅटिनमध्ये उडण्याला 'वोलारे' म्हणतात. पण लॅटिन आणि संस्कृत यांच्या सामाईक पूर्वज भाषेत उडण्याचा जो धातू होता, तो हा नव्हे. तो होता 'पेत्'. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकीनातींची तुलना करून अभ्यासकांनी तिचे शब्द पुन्हा जुळवले आहेत.

संस्कृतात 'पेत्'चा 'पत्' झाला. ऋग्वेदात पक्षी 'पततात', म्हणजे उडतात. 'पतंग' तिथूनच आला आणि 'पत्र'ही. त्याचा जुना अर्थ पंख किंवा पीस. पुढे 'पतति'मध्ये उडणे आणि खाली येणे असे दोन्ही अर्थ नांदू लागले. प्राकृतात त्याचं 'पडइ' झालं, आणि मराठीत आलं ते 'पडणे'. उडण्यासाठी आपण वेगळाच धातू घेतला!

रोमकरांच्या तोंडी याच धातूचं 'पेतेरे' झालं: रोखाने जाणे, झेपावणे, मागणे. पंखाला मात्र ते 'पेन्ना' म्हणत. पिसाच्या बोरूने लिहिण्याच्या काळात हा शब्द लेखणीला चिकटला आणि इंग्रजीमार्गे आपल्या खिशात 'पेन' होऊन आला.

वळण्याचा धातू तुलनेने सरळमार्गी. लॅटिन 'वेर्तेरे' म्हणजे वळवणे; संस्कृतात 'वर्तते'. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात पटावर गडगडणाऱ्या फाशांसाठी हाच धातू आहे. आपलं वर्तुळ त्यातलं, दिव्याची वात त्यातली, आणि 'वाटोळं'सुद्धा (गोल या अर्थाचं आणि दुसऱ्याही). रोमन शेतकरी नांगर वळवून जे तास पाडी, त्याला 'वेर्सुस' म्हणत. पुढे कवितेच्या ओळीलाही तेच नाव पडलं.

इथे शंका येईल की हे नुसतं कानाला सारखं वाटतं म्हणून जुळवलेलं नाही ना? तसं करून चालत नाही. लॅटिन 'देउस' आणि ग्रीक 'थेओस', दोन्हींचा अर्थ देव, पण दोघांचं नातं नाही. नातं ठरतं ते ध्वनी नियमाने बदलले असतील तरच. लॅटिनमध्ये 'क्व' टिकला तिथे संस्कृतात अनेकदा 'च' दिसतो: 'क्वात्तुओर' आणि 'चत्वारः', 'क्विंक्वे' आणि 'पञ्च'.

हा नियम घेऊन 'क्वेल्' या धातूकडे जावं. अर्थ: फिरणे, भोवती वावरणे. संस्कृतात त्याचं 'चरति' झालं, दुहेरी रूपातून 'चक्र' झालं. मराठीत चरणे आणि चाक. लॅटिनमध्ये झालं 'कोलेरे': एखाद्या जागी वावरणे, मग राहणे, मग जमीन कसणे. त्यावरून 'कोलोनिया' म्हणजे वसाहत. जर्मनीतल्या कोलोन शहराचं नाव तेच, आणि आपल्याकडच्या सोसायट्यांच्या पाटीवरची 'कॉलनी'ही तीच. 'कोलेरे'त तो 'क्व' पुसला गेला खरा, पण दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्या भाडेकरूच्या नावात तो शाबूत आहे: 'इन्क्विलिनुस'.