ओठ उचलून बघा: बालरोगतज्ज्ञांच्या दात-तपासणीची पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मेडिकेड या सरकारी योजनेतली मुले तपासणारे दंतवैद्य मोजकेच होते. त्यातही तीन वर्षांखालचे मूल घ्यायला बहुतेक जण तयार नसत. तीच मुले लसीसाठी मात्र डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा येत. मग दात तिथेच का बघू नयेत, या विचारातून राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात प्रयोग झाला. २००१ मध्ये 'इन्टू द माउथ्स ऑफ बेब्स' या नावाने तो राज्यभर पोहोचला. तपासणी, पालकांना सल्ला आणि फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) या तिन्हींसाठी मेडिकेड डॉक्टरांना पैसे देऊ लागले.

दवाखान्यात हे जमले ते वार्निशमुळे. युरोपात ते १९६० च्या दशकापासून होते. अमेरिकेत १९९४ मध्ये त्याला परवानगी मिळाली, तीही दातांच्या सणकेसाठी. किडीसाठीचा वापर डॉक्टरांनी स्वतःच्या निर्णयावर सुरू केला. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत २२,६०० भाग) फ्लोराइड असते. पण लहान मुलाला पाव मिलिलिटर पुरते आणि लाळ लागताच ते दाताला घट्ट बसते, त्यामुळे एकदम गिळले जाण्याची भीती कमी.

बघायचे कसे, हे मात्र शिकवावेच लागते. डॉक्टर आणि आई गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मागे डॉक्टरांच्या मांडीवर डोके टेकते. वरचा ओठ उचलायचा, कारण कीड आधी वरच्या पुढच्या दातांना लागते. खालच्या दातांना जीभ आणि लाळ सांभाळून घेतात. मग गॉझने दात पुसून कोरडे करायचे. घाईत हमखास राहते ती हीच पायरी. सुरुवातीच्या किडीत दाताच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे पडतात. ती ओली असली की कवच निरोगी वाटते. हवा भरली की हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटते. या टप्प्यावर कीड अजून परतवता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की वार्निशने भागत नाही.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन तासांच्या प्रशिक्षणाचा परिणाम मोजला गेला. बालदंतवैद्याच्या तपासणीशी ताडून पाहता, खड्डा पडलेली मुले डॉक्टरांनी ७६ टक्के वेळा ओळखली आणि निरोगी मुलांना ९५ टक्के वेळा निरोगीच म्हटले. दंतवैद्याकडे पाठवण्याची गरज असलेल्यांपैकी मात्र ६३ टक्केच पाठवली. आमच्या मते खरी चिंता याच आकड्याची आहे.

२००३ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सहाव्या महिन्यापर्यंत किडीचा धोका तपासावा, अशी भूमिका घेतली. २०१४ मध्ये तिथल्या प्रतिबंधक सेवा कृतिदल या तज्ज्ञांच्या गटाने पहिला दात दिसल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना डॉक्टरांनीच वार्निश लावावे, अशी शिफारस केली. त्याच निवेदनात, डॉक्टरांनी केलेल्या नियमित दात-तपासणीच्या लाभाविषयी मात्र पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले आहे.