अलिबागकडच्या पाहुण्यांच्या घरासाठी फर्निचर: भाड्याने की विकत?

किहीम, नागाव, मांडवा या पट्ट्यात शनिवार-रविवारसाठी बंगला देणारे बहुतेक जण आमच्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. आम्ही फर्निचर विकतोही आणि भाड्यानेही देतो, त्यामुळे हातचे न राखता सांगतो.

आधी घर किती काळ चालवणार ते ठरवा. समजा, २४,००० रुपयांच्या पलंगाचे महिन्याचे भाडे १,२०० रुपये आहे. म्हणजे वीस महिन्यांत पलंगाची किंमत भाड्यातच गेली. बंगला स्वतःचा असेल आणि तीन-चार वर्षे चालवायचा असेल, तर पलंग विकतच घ्या. पण बंगलाच अकरा महिन्यांच्या करारावर घेतला असेल, तर करार संपल्यावर हे सगळे सामान ठेवणार कुठे? आणि दुसऱ्याच्या भिंतीत कपाटे तर मुळीच ठोकू नका.

हिशोबात पावसाळा धरायचा राहून जातो. जून ते सप्टेंबर पाहुणे रोडावतात, गेटवे-मांडवा लाँचही त्यातला बहुतेक काळ बंद असते. भाडे मात्र चालू राहते. म्हणून आम्ही आठ महिन्यांचा करारही करतो आणि मेअखेर सामान उचलून नेतो. विकतच्या सामानाचे हाल याच चार महिन्यांत, बंद घरात होतात. खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओल धरून फुगतो, तो पुन्हा बसत नाही. घ्यायचेच तर सागवान घ्या, नाहीतर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय, म्हणजे ओलीला टिकणारे प्लायवुड. झकपक स्वस्त सेट आम्ही दुकानात ठेवतच नाही.

गाद्या-उशा आम्ही भाड्याने देत नाही, तुम्हीही कुठून घेऊ नका. मोठा ग्रुप येणार असेल तर जादा फोल्डिंग खाटा आणि अंगणातल्या खुर्च्या तेवढ्यापुरत्या मागवा.

करार कोणाशीही करा, जाण्यायेण्याची वाहतूक आणि जिन्याची हमाली कोणाकडे, हे लिहून घ्या. झीज कशाला म्हणायचे आणि मोडतोड कशाला, तेही. पाहुण्याने सोफ्यावर रस्सा सांडला तरी भरपाई तुमच्याकडूनच घेतली जाते. तेव्हा त्यांची अनामत खोल्या बघितल्याशिवाय परत करू नका. सामान उतरतानाच प्रत्येक नगाचे फोटो काढा.

लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी लागतो, खरेदीवरही आणि भाड्यावरही. उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवत असाल, तर भाडे त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. विकतच्या फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी खर्चात धरायची रक्कम, मिळतो. तुमच्या सीएला एकदा विचारा.

येताना खोल्यांची आणि दारांची मापे आणा. जुन्या कौलारू घरांत किंग साइज पलंग दारातच अडतो.