पडताळणी वेगळी, दुरून ओळख पटवणे वेगळे

लष्करी तळाच्या फाटकावर सैनिक ओळखपत्र पुढे करतो, यंत्रावर बोट टेकवतो, दिवा हिरवा होतो. दुसरीकडे, किलोमीटरभर लांबच्या कॅमेऱ्यात एक माणूस चालताना दिसतो आणि पडद्यावर त्याच्या चेहऱ्याशेजारी नाव उमटते. दोन्हींना बायोमेट्रिक ओळखच म्हणतात. त्यामुळे पहिलीने कमावलेला विश्वास नकळत दुसरीच्या खात्यात जमा होतो. युद्धात ही गफलत जीवघेणी ठरू शकते.

फाटकावर होते ती पडताळणी. ‘मी अमुक’ असे माणूस स्वतःच सांगतो आणि यंत्र त्या एकाच नोंदीशी ठसा ताडून पाहते. तो थांबतो, बोट नीट ठेवतो, जमले नाही तर पुसून पुन्हा ठेवतो. खऱ्या माणसाला यंत्राने नाकारलेच, तर समोर उभा असलेला पहारेकरी कागद पाहून निर्णय घेतो.

दुरून ओळख पटवताना समोरचा काहीच सांगत नाही. आपल्याकडे कोणी पाहत आहे, हेही त्याला ठाऊक नसते. यंत्राला सगळी यादी चाळावी लागते आणि इथेच गणित फिरते. समजा, दोन वेगळी माणसे एकच ठरण्याची चूक १०,००० तुलनांत एकदा होते. फाटकावर हे प्रमाण चालून जाईल. पण तेच यंत्र एक लाख नोंदींच्या यादीवर लावले, तर यादीत नसलेल्या निरपराध माणसाशीही सरासरी १० नावे जुळतील. यंत्र तेच, अचूकता तीच. बदलला तो फक्त प्रश्न.

त्यात अंतराची अडचण. एक किलोमीटरवरून एक मिलिमीटरचा तपशील टिपायचा, तर प्रकाशाच्या नियमांनुसार भिंगाचा व्यास सुमारे ६७ सेंटिमीटर हवा. एवढे मोठे भिंग मिळाले तरी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते आणि चेहऱ्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. म्हणून एकट्या चेहऱ्यावर भिस्त ठेवत नाहीत. अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने २००० च्या सुमारास दुरून ओळखण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यात चालण्याच्या ढबीवरही काम झाले. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या संशोधन संस्थेच्या (आयार्पा) अलीकडच्या ‘ब्रायर’ प्रकल्पात चेहरा, चाल आणि शरीराची ठेवण एकत्र तपासतात. पण पाठीवर ओझे आले किंवा पाय मुरगळला, की चाल बदलते.

‘जेटसन’चे उदाहरण बोलके आहे. हृदयाच्या ठोक्यांनी त्वचेवर उठणारी सूक्ष्म कंपने हे उपकरण अवरक्त लेझरने टिपते. ते सुमारे २०० मीटरवरून चालते आणि अनुकूल परिस्थितीत ९५ टक्क्यांहून अधिक अचूक असते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा गाजला, अटी मागे पडल्या. माणूस साधारण अर्धा मिनिट स्थिर हवा, अंगावर जाड कोट नको आणि मुख्य म्हणजे त्याच्या ठोक्यांची नोंद आधीच हाताशी हवी.

ती नोंद येते कुठून? बहुतेकदा अगदी जवळून. अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांनी ‘हाइड’ नावाच्या हातातल्या उपकरणाने लोकांचे ठसे, बुबुळे आणि चेहरे टिपले. त्यात बंडखोर होते, तसे अमेरिकेला मदत करणारेही होते. २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर यातली काही उपकरणे त्यांच्या हाती पडल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी विश्वासाने बोट पुढे केले, त्यांच्यासाठी हे केवढे संकट! पासवर्ड बदलता येतो, बुबुळ नाही.

म्हणूनच पडद्यावर नाव उमटले, की ते ‘संभाव्य नाव’ म्हणूनच वाचायला हवे. शेजारी जुळणीचे गुण हवेत, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची नावे हवीत आणि ‘यादीत कोणीच नाही’ असे उत्तर देण्याची मुभा यंत्राला हवी. नाहीतर ते सर्वांत जवळचा चेहरा काढून देतेच. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ५० नुसार, शंका असेल तर व्यक्तीला लढवय्या नव्हे, सामान्य नागरिकच मानायचे असते. जुळणीचे गुण कितीच्या खाली गेले की ‘शंका’ धरायची, हा आकडा मात्र कोणा माणसालाच ठरवावा लागतो आणि त्याची जबाबदारीही त्याच्या नावावर नोंदलेली असली पाहिजे.