ग्रंथालयातील इंटरनेट: सभासदत्व, कागदपत्रे आणि उठण्याआधी करायची कामे

स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा असतो, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवायची असतात आणि घरात असतो फक्त मोबाईल. फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवता बसवता जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी सार्वजनिक ग्रंथालयातल्या संगणकाचा मोठा आधार होतो. तो वापरण्याची परवानगी मिळवणे सोपे आहे. अडचण वेगळीच असते: तुम्ही उठलात की त्याच खुर्चीवर दुसरे कोणी बसते आणि तुमची अर्धी माहिती त्याच्यासमोर उघडी राहिलेली असते. म्हणून या लेखात सभासदत्वाच्या अर्जाची माहिती आहेच, पण त्याहून जास्त जागा संगणक वापरतानाच्या काळजीला दिली आहे.

आधी नियमावली मागा

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळते. तरी बहुतेक ग्रंथालये चालवतात त्या नोंदणीकृत संस्थाच. इंटरनेट कोणाला द्यायचे, किती वेळ द्यायचे, शुल्क घ्यायचे की नाही, हे त्यांचे कार्यकारी मंडळ ठरवते. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातला मित्र सांगतो तेच नियम तुमच्या गावात असतील असे नाही. शासकीय विभागीय ग्रंथालये थेट शासनाची असतात, तिथली पद्धत आणखी वेगळी. देवघेव काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा: “इंटरनेट वापराचे नियम लेखी आहेत का?” असतील तर वाचा आणि मगच सही करा.

कोणाला मिळते, काय लागते

बहुतेक ठिकाणी संगणक सभासदांसाठी असतो. वर्तमानपत्रे वाचायला मुक्तद्वार विभागात कोणीही बसू शकते, पण त्यामुळे संगणकावर बसण्याचा हक्क मिळत नाही. सभासद व्हायला अर्ज, प्रवेश शुल्क, परत मिळणारी अनामत आणि वर्गणी लागते. काही ग्रंथालये ओळख देणाऱ्या जुन्या सभासदाची सहीही मागतात. अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती दाखवावी लागते.

सोबत एक पासपोर्ट आकाराचा फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो असलेले ओळखपत्र न्या. ओळखपत्र म्हणजे आधारच, असे समजू नका. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, शाळा-महाविद्यालयाचे ओळखपत्र यांपैकी काहीही चालते का ते विचारा. 2011 च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखीसाठी हीच कागदपत्रे मान्य केली आहेत. ते नियम इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहेत, पण नाव, संगणकाचा क्रमांक, बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची त्यांची पद्धत ग्रंथालयांनाही सोयीची आहे. नोंदवहीत सही करायला सांगितली तर वाईट वाटून घेऊ नका. त्या संगणकावरून दुपारी 4 वाजता कोणी गैरप्रकार केला आणि तुम्ही 3 वाजताच उठला होतात, तर वहीतली ती एक ओळ तुमच्या बाजूने बोलते. म्हणूनच उठतानाची वेळ लिहायला विसरू नका. बसतानाची वेळ सगळे लिहितात, उठतानाचा रकाना मात्र बऱ्याचदा रिकामा राहतो.

आधारच द्यायचे असेल तर शेवटचे चारच अंक दिसतात ते ‘मास्क्ड’ आधार द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवता येते. झेरॉक्सवर आडवे लिहा: “फक्त ग्रंथालय सभासदत्वासाठी”, खाली तारीख आणि सही. इतके केले की ती प्रत दुसरीकडे वापरणे अवघड होते.

मूल 18 वर्षांखालील असेल तर अर्जावर पालकांची संमती घेतली जावी, आणि संगणकाचा पडदा ग्रंथपालांना दिसेल असाच असावा. सायबर कॅफे नियमांतही पालक सोबत नसतील तर अल्पवयीन मुलाला आडोशाच्या कप्प्यात बसवायला मनाई आहे. ग्रंथालयानेही हे पाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय चालते, काय नाही

अभ्यास, अर्ज, निकाल, ई-मेल, मराठी विश्वकोश, बालभारतीची पुस्तके, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत ई-पुस्तके, हे सगळे चालते आणि जरूर वापरावे. पायरसीचे चित्रपट उतरवणे, सट्टा, अश्लील मजकूर, न विचारता सॉफ्टवेअर टाकणे हे कुठेच चालत नाही. यातल्या काही गोष्टी निव्वळ ग्रंथालयाच्या नियमापुरत्या नाहीत. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली गुन्हा आहे आणि त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर नुसता शोधला किंवा उतरवला तरी कलम 67ब लागू होते.

खुर्चीवरून उठण्याआधी

सर्वात जास्त माहिती फुटते ती ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधून. समजा, तुम्ही तिथे बसून ई-आधार उतरवले, प्रिंट काढली आणि निघालात. फाईल तिथेच राहिली. तिला पासवर्ड असतो हे खरे, पण तो म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. नाव नोंदवहीत आहे, वर्षाचा अंदाज कोणीही बांधेल. म्हणून उतरवलेली, स्कॅन केलेली प्रत्येक फाईल पुसा आणि नंतर ‘रिसायकल बिन’ही रिकामा करा. डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो आणि सहीची फाईल विसरू नका.

दुसरी जागा व्हॉट्सअॅप वेबची. प्रिंटसाठी मोबाईलमधली कागदपत्रे संगणकावर घ्यायला सगळे हीच वाट धरतात. नुसती खिडकी बंद केली तर व्हॉट्सअॅप चालूच राहते आणि पुढच्याला तुमच्या घरातल्या गप्पा दिसतात. लॉग आउट कराच, शिवाय मोबाईलमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तो संगणक यादीतून गेला का ते पाहा. त्यापेक्षा फाईल स्वतःलाच ई-मेल करावी आणि ब्राउझरची खाजगी (‘इन्कॉग्निटो’) खिडकी उघडून ती घ्यावी. “पासवर्ड जतन करू का?” असे ब्राउझरने विचारले की दर वेळी नाही म्हणा.

परीक्षेचे शुल्क भरताना कार्डाचा क्रमांक त्या संगणकावर टाकू नका. कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर टिपणारी सॉफ्टवेअर असतात आणि ती तुम्हाला दिसत नाहीत. पडद्यावर यूपीआयचा क्यूआर येत असेल तर तो आपल्या मोबाईलने स्कॅन करा. नेट बँकिंग तर तिथे नकोच. ओटीपी शेजारच्याला वाचून दाखवायला सांगू नका, तो कितीही मदत करत असला तरी.

काही राहून गेलेच तर

घरी पोहोचल्यावर आठवले की जीमेल उघडेच राहिले, तर मोबाईलवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा, तिथे तुमची सगळी डिव्हायसेस दिसतात. ग्रंथालयाचा संगणक निवडून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. आधारची फाईल राहिली असेल तर ग्रंथालयाला फोन करून ती पुसायला सांगा आणि आधारच्या अधिकृत अॅपवरून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. खात्यातून पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

ग्रंथालयाविषयीच तक्रार असेल, म्हणजे पावती न देता शुल्क घेतले किंवा ओळखपत्रांच्या प्रती टेबलावर उघड्या पडलेल्या दिसल्या, तर आधी ग्रंथपालांना, मग संस्थेच्या कार्यवाहांना लेखी द्या. पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर त्या पोचेची प्रत जोडून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा.