हरीण खड्ड्याशी येतं ते मिठासाठी

अमेरिकेत थंडी सरत आली की पशुखाद्याच्या दुकानांत हरणाचं चित्र छापलेल्या पिशव्या दिसू लागतात. चित्रातल्या नराच्या शिंगांना इतके फाटे असतात की ती डोक्यावर पेलतात कशी, असा प्रश्न पडावा. आतली भुकटी मातीत मिसळायची, हरणं ती माती चाटणार आणि नरांची शिंगं वाढणार, असं एकूण आश्वासन. पिशवी उलटी करून मागचा तक्ता वाचला, तर बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा आकडा मिठासमोर असतो. ही फसवणूक नव्हे. हरीण तिथे येतं ते मिठासाठीच. बाकीची खनिजं मिठाच्या पाठीवर बसून त्याच्या पोटात जातात. एवढं ध्यानात ठेवलं की असं चाटण, म्हणजे हरणांना चाटायला खारी माती केलेली जागा, कुठे करायची, कधी करायचं आणि ते का फसतं, हे आपोआप उलगडत जातं.

हे हरीण म्हणजे व्हाइटटेल, उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. आपल्या चितळ-सांबरासारखंच ते सारंग कुळातलं. शिंगं भरीव, दरवर्षी गळणारी आणि फक्त नराला. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग; त्यांची शिंगं पोकळ आणि जन्मभराची, म्हणून शिंगांबद्दल पुढे जे येईल ते त्यांना लागू नाही.

आधी सोडियमचं. जनावराला सोडियमवाचून चालत नाही, बहुतेक झाडांना मात्र त्याची जवळपास गरजच नसते. समुद्रापासून दूरच्या प्रदेशात पावसातूनही ते फारसं येत नाही, त्यामुळे तिथल्या पाल्यात सोडियम नाममात्र असतं. वसंतात हा तुटवडा आणखी वाढतो. कोवळा पाला पाण्याने आणि पोटॅशियमने भरलेला असतो. जादा पोटॅशियम बाहेर टाकताना सोडियमही लघवीतून निसटतं, पातळ लेंड्यांतूनही जातं. त्यात हरीण रवंथ करणारं. त्याच्या लाळेत सोडियम बायकार्बोनेट भरपूर लागतं, कारण पोटातलं आम्ल काबूत ठेवण्याचं काम त्याचंच. सोडियम फारच कमी पडलं, की लाळेत त्याच्या जागी पोटॅशियम येऊ लागतं. इंडियाना राज्यात व्हाइटटेलच्या या सोडियम-टंचाईचा बारकाईने अभ्यास झाला आणि तो 1976 साली प्रसिद्ध झाला. चाटणावरची गर्दी वसंतात का उसळते, याचा खुलासा त्यातूनच होतो.

नेमकी हीच वेळ शिंगांचीही असते. व्हाइटटेलची शिंगं साधारण एप्रिलपासून मखमली कातडीखाली वाढू लागतात आणि सप्टेंबरच्या सुमारास मखमल गळून टणक होतात. वाढतं शिंग बहुतांशी प्रथिनांचं असतं. टणक झालेल्या शिंगात मात्र निम्म्याहून जास्त भाग खनिजांचा: सुमारे 22 टक्के कॅल्शियम, 11 टक्के फॉस्फरस. एवढा माल रोजच्या चरण्यातून पुरत नाही, म्हणून नर तो स्वतःच्या हाडांतून, विशेषतः बरगड्यांतून काढतो आणि नंतर ती उधारी फेडतो. माद्या मे-जूनमध्ये वितात, तेव्हा दुधासाठी त्यांचीही ओढाताण सुरू असते. चाटणावर फक्त शिंगवाले नर येतील अशी अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होते. पाडसं घेऊन आलेल्या माद्याच तिथे जास्त दिसल्या तरी नवल नाही.

आता मिश्रण. तिथला जुना घरगुती पाढा असा: दोन भाग ट्रेस मिनरल मीठ, म्हणजे गुरांना देतात ते लालसर, सूक्ष्म खनिजं घातलेलं सुटं मीठ, एक भाग साधं जाडं मीठ, आणि एक भाग डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे आपल्या पशुखाद्याच्या दुकानातलं डीसीपी. 20 किलोचा घाणा करायचा तर 10, 5 आणि 5 किलो. पशुखाद्याच्या डीसीपीत फॉस्फरस सुमारे 18 टक्के असतो, म्हणजे 20 किलोत फॉस्फरस जेमतेम 900 ग्रॅम आणि कॅल्शियम एक किलोच्या आसपास. ट्रेस मिनरल मीठही जवळजवळ सगळं मीठच असल्याने पाऊण घाणा मिठाचा होतो. मग डीसीपी वाढवावं का? नुसत्या डीसीपीला हरीण तोंड लावत नाही. मीठ जितकं कमी कराल, तितकं चाटणं कमी, आणि फॉस्फरसही तितकाच कमी पोटात. तांबं, सेलेनियम वगैरे आपल्या अंदाजाने वर घालायचा मोह तर टाळावाच. सेलेनियम जरा जास्त झालं तरी विषारी ठरतं, आणि कुंपणापलीकडे मेंढ्या असतील तर तांबं त्यांच्या जिवावर उठतं.

जागा निवडताना हरणांच्या रुळलेल्या वाटेपासून थोडं बाजूला, बसण्याच्या झाडोऱ्याच्या आणि चरण्याच्या जागेच्या मधोमध, असा सपाट तुकडा बघावा. उतारावर पहिल्याच सरीत मीठ खाली वाहून जातं. ओढ्याकाठी केलं तर ते ओढ्यात जातं. झाडाच्या बुंध्याशी केलं तर मुळं जळतात, आणि दोन वर्षांनी वठलेलं झाड बघून कारण शोधत बसावं लागतं. मोठा रस्ता जवळ नकोच. कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेलं मीठ कडेच्या डबक्यांत साचतं, ते पाणी प्यायला मूस, म्हणजे तिकडची अवाढव्य हरणं, येतात आणि वाहनांच्या धडका होतात. मीठ हरणाला कुठवर ओढत नेतं याचा याहून ढळढळीत पुरावा नको. माती चिकणी असेल तर उत्तम, ती क्षार धरून ठेवते. वाळूत केलेलं चाटण महिन्याभरात बेचव होतं. शंभरेक एकरांना एक जागा पुष्कळ झाली.

खड्डा 90 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर खोल. वरचा पालापाचोळा आणि गवताची मुळं दाताळ्याने आधी काढून टाकायची, नाहीतर भुकटी त्यावरच अडकून राहते. निघालेली माती घमेल्याने शेजारी ताडपत्रीवर काढायची, ढेकळं फोडायची, त्यात 10 किलो मिश्रण कालवून परत भरायची. म्हणजे वरच्या घाण्यात दोन जागा होतात. दगडासारखी मिठाची वीट नुसती ठेवून देणं सोपं आहे, पण व्हाइटटेल विटेपेक्षा तिच्याखालची, मीठ मुरलेली माती जास्त आवडीने खातं. म्हणून माती आधीच मुरवून द्यायची. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडांना पालवी फुटण्याआधी संपवावं. जागेचा शोध लागायला हरणांना काही आठवडे लागतात, कधी महिनेही. दरवर्षी वसंताच्या तोंडाशी चार-पाच किलो भर पुरते.

आणि मग तक्रारी सुरू होतात. सगळ्यांत नेहमीची: "जुलैपर्यंत गर्दी होती, सप्टेंबरात कुत्रंही फिरकत नाही, माल बोगस." माल बोगस नसतो. पाला निबर झालेला असतो, त्यातलं पाणी आणि पोटॅशियम घटलेलं असतं, मिठाची ओढ ओसरलेली असते. तिकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्टच्या सुमारास पिशवी ओतणाऱ्याला हेच फळ मिळतं.

दुसरी गोष्ट खड्ड्याजवळ उकिडवं बसून बघितली तरच कळते. मीठ पाण्यात झटकन विरघळतं, डीसीपी जवळजवळ विरघळत नाही. भुकटी नुसती वर पसरली असेल, तर दोन-तीन पावसांत मीठ खाली झिरपतं आणि वर राखाडी-पांढरा, भेगाळलेला पापुद्रा उरतो. तो डीसीपीचा. हरीण त्याला बाजूला सारून खालची खारी माती खुराने उकरतं, पुढच्या दातांनी खरवडून खातं. मीठ जसं खाली जातं तसं हरीणही खाली जातं. दोन-तीन हंगामांत घमेल्याएवढ्या खळग्याचा गुडघाभर खड्डा होतो. त्यात पाणी साठतं, खुरांनी चिखल होतो, त्याच चिखलात लेंड्या, लघवी, लाळ. आणि त्याच चिखलात पुढच्या हरणाचं तोंड.

खरा धोका इथेच आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा, हमखास मारणारा आजार 1967 साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा नोंदला गेला. आज तो अमेरिकेच्या तीसहून जास्त राज्यांत आहे. त्याला कारण जिवाणू-विषाणू नसून प्रायॉन, म्हणजे वेडीवाकडी घडी पडलेलं प्रथिन. ते लाळेतून, लघवीतून, लेंड्यांतून बाहेर पडतं, हरीण वरून धडधाकट दिसत असतानाही. मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतं. मीठ धरून ठेवणारी म्हणून जी माती आपण निवडली, तीच प्रायॉनही धरून ठेवते. विस्कॉन्सिनमध्ये 11 चाटणांची माती आणि पाणी तपासलं, तेव्हा 9 ठिकाणी प्रायॉन सापडले. हा अहवाल 2018 चा. नॉर्वेत 2016 साली रानटी रेनडियरमध्ये हा आजार निघाला, तेव्हा नोर्डफ्येल्ला भागातला सुमारे 2,000 जनावरांचा कळप मारून टाकावा लागला. तिथे मेंढ्यांसाठी ठेवलेलं मीठ रेनडियरही चाटत असत. त्या जागांना कुंपणं घालावी लागली.

म्हणून अमेरिकेत कित्येक राज्यांनी, निदान रोगग्रस्त जिल्ह्यांत, अशा जागांवर बंदी घातली आहे, आणि काही ठिकाणी चाटणावर शिकार करणं हा वेगळा गुन्हा आहे. पिशवी घेण्याआधी त्या वर्षीचा नियम बघायचा, गेल्या वर्षीचा नव्हे. जागा बंद करायची म्हटली तरी नुसती भर टाकायची थांबवून भागत नाही. मुरलेलं मीठ संपेपर्यंत हरणं वर्षानुवर्षं तिथे येत राहतात. आणि इतकं करून शिंगं वाढतात का? मोकळ्या रानातल्या हरणांत निव्वळ चाटणामुळे शिंगं किंवा वजन वाढल्याचं प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही. नराचं वय आणि चांगला चारा यांचं पारडं कितीतरी जड. चाटणाचा भरवशाचा उपयोग एकच: शेजारी तीन-चार मीटरवर कॅमेरा बांधला की रानात कोण कोण आहे ते कळतं.

आपल्याकडचा मामला वेगळा. इथे चाटण करायचं ते वनविभागाने, संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापन आराखड्यानुसार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच आमिष लावणंही येतं, त्यामुळे शेताच्या बांधावर चितळांसाठी मीठ ठेवणारा, त्याचा हेतू काहीही असो, अडचणीत येऊ शकतो. मूळ कायद्यात परवानाधारक शिकाऱ्यालाही चाटणावर, पाणवठ्यावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर बंदूक चालवायला मनाई होती. सूट फक्त पखुर्डी आणि पाणपक्ष्यांपुरती. तहानेला आणि मिठाला आलेलं जनावर बेसावध असतं, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. वाघ-बिबट्यांना ते त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे, म्हणून चाटणाभोवतीचं रान दाट नको, हरणाला चहूकडे दिसलं पाहिजे.

व्हाइटटेलचं वेळापत्रकही इथे चालत नाही. चितळांच्या एकाच कळपात एक नर मखमलीत, दुसरा टणक शिंगांचा, असं वर्षातल्या कुठल्याही महिन्यात दिसतं. शिवाय चार महिन्यांचा पाऊस उघड्या चाटणातलं मीठ धुऊन नेतो, त्यामुळे भर टाकायची ती पावसाळा ओसरल्यावर. जंगलालगतच्या गावांतली गुरं त्याच चाटणावर आली, तर लाळ्या खुरकूत गव्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एक चूक मात्र सहज होण्यासारखी आहे. गोठ्यात टांगायच्या काही चाटण विटांत युरिया आणि गुळाची मळी असते. सवय लावलेली गाय ती दिवसभरात थोडी थोडी चाटते. पावसात भिजून मऊ झालेली तीच वीट हरणाने भराभर खाल्ली, तर अमोनियाच्या विषबाधेने ते तासाभरात आडवं होतं. विटेच्या वेष्टनावर युरियाचा आकडा लिहिलेला असतो, तेवढा वाचायचा.