खिशात मावणारा आणि खिशाला परवडणारा हेडफोन ॲम्प

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"ॲम्प दाखवा" म्हणत कुणी काउंटरवर आलं की आम्ही आधी त्यांचा हेडफोन मागून घेतो. बजेट नंतर विचारतो. ॲम्प म्हणजे हेडफोनकडे जाणाऱ्या आवाजाच्या सिग्नलची ताकद वाढवणारं उपकरण. तो लागतो की नाही, लागला तर किती ताकदीचा, हे सगळं हेडफोनवर ठरतं. तपकीर गल्लीतल्या आमच्या छोट्याशा दुकानात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ज्यांना ॲम्पची गरज नाही ते पाच-सहा हजार घालून मोकळे होतात, आणि ज्यांना खरंच गरज आहे ते "हेडफोन बिघडलाय" असं समजून तो दुरुस्तीला घेऊन येतात. दोघांचेही पैसे वाचावेत म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आधी घरीच बघा

हेडफोन ब्लूटूथवर चालवत असाल तर ॲम्पचा विचारच सोडून द्या. त्याच्या आत त्याचा स्वतःचा ॲम्प असतो, बाहेरचा दुसरा त्याला जोडता येत नाही.

वायरवाला असेल तर रात्री पंखा बंद करून बसा आणि हळू आवाजात भरलेलं एखादं ध्वनिमुद्रण लावा. जुन्या मैफलीतला विलंबित ख्याल यासाठी उत्तम. आवाजाची पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे असताना कान भरून ऐकू येत असेल, तर ॲम्प घेऊ नका. पट्टी शेवटाला टेकली तरी गायक शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटत असेल, किंवा तबल्याची थाप जोरात आली की डग्ग्याचा घुमार फाटत असेल, तर मात्र ॲम्पचं काम आहे. तानपुऱ्याच्या मागे सतत बारीक 'स्सस्स' ऐकू येत असेल तर तेही लिहून ठेवा. त्याचा इलाज वेगळा आहे, पुढे सांगतो.

आणि एक स्पष्ट सांगतो. हेडफोन सातशे रुपयांचा आणि ॲम्पसाठी हातात तीन हजार असतील, तर ते तीन हजार हेडफोनवर घाला. हेडफोनच्या आतल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्यात जे नाही ते ॲम्प आणू शकत नाही. आमची विक्री कमी झाली तरी चालेल, पण सहा महिन्यांनी "काही फरक पडला नाही हो" हे ऐकायला आम्हाला आवडत नाही.

आता ॲम्प म्हणजे बहुधा डोंगल

२०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक गेला आणि मागोमाग बहुतेक महागड्या फोनमधून गेला. त्याआधी खिशातला ॲम्प म्हणजे बॅटरीवर चालणारी डबी. ती फोनच्या जॅकला जोडायची. आता डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी डॅक नावाची चिप आणि ॲम्प, दोन्ही बोटभर वायरच्या टोकाला बसतात. त्यालाच सगळे डोंगल म्हणतात. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. फोनमधूनच वीज घेतो.

इथे एक फसगत होते. मध्यंतरी एक विद्यार्थी ऑनलाइन मागवलेला दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर घेऊन आला. जुन्या फोनवर व्यवस्थित चालायचा, नव्यावर ढिम्म. आम्ही कटरने त्याचं प्लास्टिक सोलून दाखवलं. आत चिप नव्हतीच! टाइप-सीच्या पिनांपासून जॅकपर्यंत नुसत्या वायरी, मध्ये डाग दिलेला एक रेझिस्टन्स. काही फोन टाइप-सीच्या भोकातूनच थेट आवाजाचा सिग्नल बाहेर काढतात, त्यांच्यावर असा कन्व्हर्टर चालतो. बाकीचे फोन तिथून फक्त डिजिटल माहिती देतात, त्यामुळे तो मुका राहतो. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. लॅपटॉपच्या टाइप-सीला लावा. डॅक असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये नवं उपकरण दिसतं, नसेल तर काहीच दिसत नाही.

खोक्यावरचे दोन आकडे

हेडफोनच्या खोक्यावर ओहम आणि डेसिबल असे दोन आकडे असतात. लोक फक्त ओहम बघतात. "तीनशे ओहमचा आहे, मोठा ॲम्प लागेल" असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो. डेसिबल म्हणजे दिलेल्या विजेत तो किती मोठा वाजतो. घोळ असा की काही कंपन्या हा आकडा एक मिलिवॉटला देतात, काही एक व्होल्टला. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली की हिशेब चुकतो. मिलिवॉटवरून व्होल्टला जायचं तर ३२ ओहमच्या हेडफोनसाठी साधारण १५ मिळवा, २५० ओहमसाठी ६, ३०० ओहमसाठी ५.

उदाहरण घेऊ. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो स्टुडिओत सर्रास दिसतो आणि तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो. दिसायला सारखाच. ८० आणि २५० दोन्हींवर ९६ डेसिबल लिहिलेलं असतं, एक मिलिवॉटला. आता एक व्होल्ट देणारा साधा डोंगल लावा. २५० ओहमवाल्याला ४ मिलिवॉट मिळतात आणि तो १०२ डेसिबलपर्यंत जातो. ८० ओहमवाल्याला साडेबारा मिळतात, तो १०७ पर्यंत जातो. डोंगल तोच, पैसे तेच, आणि पाच डेसिबलचा फरक. म्हणून हा हेडफोन फोनवर ऐकायला घेणाऱ्यांना आम्ही ३२ किंवा ८० ओहमचाच घ्या म्हणतो. २५० घेतला की ॲम्पचा खर्च त्याच्या मागोमाग येतोच.

१०२ डेसिबल म्हणजे कमी नाही, असं वाटेल. बरोबर आहे, सतत तेवढ्या आवाजात कुणी ऐकूही नये. पण शास्त्रीय संगीतात सरासरी आवाज ७५ च्या आसपास असला तरी तबल्याची एखादी थाप त्याच्यावर वीसेक डेसिबल उडी मारते. ती उडी न फाटता यावी म्हणून वर जागा मोकळी लागते. साधारण १०५ ते ११० पर्यंत हेडफोन जाऊ शकला की निश्चिंत राहा. त्याहून जास्त ताकदीला पैसे मोजू नका. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. "शंभरऐवजी दोनशे मिलिवॉट" या जाहिरातीचा अर्थ एवढाच!

आणखी दोन हिशेब करून ठेवले आहेत. ऑडिओ-टेक्निकाचा एम-५०एक्स हा ३८ ओहम, ९९ डेसिबलचा. एक व्होल्टवर तो ११३ पर्यंत जातो, म्हणजे साधा डोंगल भरपूर झाला. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा, एक व्होल्टला १०३. त्याला दोन व्होल्ट देणारा डोंगल घ्या, तो १०९ वर पोचतो. लोक समजतात तसा मोठा डबा त्याला लागत नाही.

ज्या आकड्याबद्दल कुणी विचारत नाही

ॲम्पचाही स्वतःचा अडथळा असतो, ओहममध्येच मोजायचा. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, हा ठोकताळा आम्ही पाळतो. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आतला ॲम्प हवा. जास्त असेल तर काय होतं? हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. कुठे वाढतात, कुठे घटतात. ॲम्पचा अडथळा मोठा असला की त्या चढउतारांप्रमाणे आवाजाचा पोतच बदलतो. खर्ज फुगतो, नाहीतर तार सप्तक दबतं. एका कानात तीन-चार ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे भाग, असलेल्या इअरफोनमध्ये हे लगेच कळतं.

स्वस्त ॲम्पच्या खोक्यावर हा आकडा बहुतेक छापलेलाच नसतो. म्हणून आम्ही दुकानात मोजून देतो, पैसे न घेता. पद्धत साधी आहे, घरीही करता येईल. दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली जुनी ऑक्स केबल कापून तिची पिन ॲम्पमध्ये घालायची आणि तिच्या डाव्या वायरीला आणि ग्राउंडला मल्टिमीटर लावायचा, एसी व्होल्टवर. फोनवर ६० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावायचा. समजा मीटरवर १.०० व्होल्ट आले. आता त्या दोन वायरींमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टन्स टाकायचा. आकडा ०.९७ वर थांबला तर अडथळा एक ओहमच्या आसपास, म्हणजे उत्तम. ०.७६ वर घसरला तर दहा ओहम. असा ॲम्प इअरफोनला लावू नये, १५० ओहमच्या पुढच्या हेडफोनला चालेल. मोजताना हेडफोन लावून ठेवू नका आणि दोन वायरी एकमेकींना टेकू देऊ नका.

मघाशी 'स्सस्स' राहिलं होतं. ती खरखर बहुतेक वेळा जास्त ताकदीच्या ॲम्पला नाजूक इअरफोन लावल्यामुळे येते. ॲम्पवर गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा, खटका असेल तर तो खालच्या बाजूला ठेवा. नसेल, तर त्या इअरफोनला तो ॲम्प नकोच. इथे कमी ताकदीचा, स्वस्त डोंगल महागड्या डबीपेक्षा शांत वाजतो.

कोणत्या पैशात काय घ्यावं

हजार-दीड हजारात ॲपलचा टाइप-सी डोंगल अजूनही आमच्या पहिल्या पसंतीचा आहे. सुमारे एक व्होल्ट देतो, अडथळा एक ओहमच्या आत. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अनेक अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण आवाज सोडत नाही. स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं, म्हणजे डोंगलशी थेट बोलणारं, प्लेयर ॲप वापरलं तरच खुलतो. आणि युरोपात विकला जाणारा त्याचा भाऊ निम्म्याच व्होल्टचा आहे. जर्मनीतल्या भाच्याला आणायला सांगितला तर तो कमजोर निघेल, आणि दोष भाच्याचा नसेल.

तीन ते पाच हजारांत दोन व्होल्ट देणारे, आवाजाची बटणं असलेले डोंगल मिळतात. पोर्टेबल ॲम्पचं खरं बजेट इथे संपतं, असं आमचं मत. याच किमतीत ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकची, म्हणजे दोन्ही कानांचे सिग्नल पूर्ण वेगळे नेणाऱ्या जॅकची, ओढ लागते. त्यात जवळजवळ दुप्पट व्होल्ट मिळतात, हे खरं. पण त्यासाठी हेडफोनची वायर निघणारी आणि दोन्ही कानांना वेगळी जाणारी हवी. एचडी ६५० ची तशी आहे. डीटी ७७० प्रोची वायर एकाच बाजूने जाते आणि आत पक्की बसवलेली असते. तिथे बॅलन्स्ड जॅकचे पैसे फुकट. आवाज किती बारकाईने नोंदलेला चालतो ते सांगणाऱ्या ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ या आकड्यांनाही भुलू नका. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते आणि तुमच्या ॲपमधली बहुतेक गाणी तेवढीच किंवा त्याहून कमी असतात.

फोनला जॅक आहे आणि बॅटरीची डबीच हवी, असेही काही जण येतात. त्यांनी फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त ॲम्पवर करावं, म्हणजे खरखर कमी येते. आतली लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, ती बदलता येते का हे घेतानाच विचारा. मे महिन्यात डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फुगलेल्या बॅटऱ्या आमच्याकडे उन्हाळ्यातच जास्त येतात. हाताने जोडायची आवड असेल तर असा ॲम्प घरी बनवायचं चू मॉय यांचं प्रसिद्ध सर्किट आहे. ९ व्होल्टची बॅटरी, एक ओपअँप आयसी, मूठभर रेझिस्टन्स आणि कपॅसिटर, सगळं पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावतं. सामान आमच्याच गल्लीत मिळेल. आयसी कुठली घ्यावी ते विचारायला या, सांगायला आनंद वाटतो.

कानाचं

ॲम्प आला की आवाज नकळत चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात. मुलं अभ्यासाला म्हणून दिवसभर हेडफोन घालून बसतात, त्यांच्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं अशी मनापासून विनंती.

दुकानात येताना

नेहमीचा फोन आणि नेहमीचा हेडफोन दोन्ही आणा. दुसऱ्याच्या हेडफोनवर ऐकून ॲम्प ठरवता येत नाही. तुम्हाला पाठ असलेली दोन गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा, गल्लीत रेंज धड मिळत नाही. हेडफोनची पिन जाडी, ६.३५ मिलिमीटरची असेल तर तिचा कन्व्हर्टर आमच्याकडे आहे. दुपारी एक ते चार गर्दी कमी असते, तेव्हा शांतपणे तीन-चार डोंगल लावून ऐकता येतील. आणि फोनचं जाड कव्हर काढून लावा. त्याच्यामुळे टाइप-सीची पिन पूर्ण बसत नाही, एका कानाचा आवाज जातो आणि चांगला डोंगल बिघडलेला वाटतो.