खिडकीतला लेखक

येत्या रविवारी ठाण्याच्या नौपाड्यात आम्ही दहा-बारा जण 'फाइंडिंग फॉरेस्टर' बघणार आहोत. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी सिनेमा आणि त्याआधी त्यावर एक टिपण, असा आमचा शिरस्ता. या वेळचं टिपण माझ्या गळ्यात पडलं. सिनेमा ठरला तेव्हा यजमानांच्या अकरावीतल्या मुलाने विचारलं, "काका, हा फॉरेस्टर खरंच होऊन गेला का?" मी "नाही रे" म्हणून मोकळा झालो. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धवट होतं.

आधी गोष्ट, पुरेल इतकीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब वस्तीतला सोळा वर्षांचा जमाल वॉलेस. दोस्तांबरोबर बास्केटबॉल खेळतो आणि कुणाला न दाखवता वह्या लिहून काढतो. मैदानासमोरच्या इमारतीत वर एक म्हातारा राहतो. तो कधी खाली उतरत नाही, खिडकीतून बघतो. पोरांनी त्याचं नावच 'विंडो' ठेवलंय. पैजेखातर जमाल त्याच्या घरात शिरतो, घाबरून पळतो आणि दप्तर तिथेच राहतं. ते परत मिळतं तेव्हा वह्यांच्या पानापानांवर शेरे मारलेले असतात. म्हातारा म्हणजे विल्यम फॉरेस्टर, एकच कादंबरी लिहून पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळवलेला आणि मग दार लावून बसलेला.

ही पटकथा माइक रिच या माणसाची. पोर्टलंडमध्ये तो रेडिओवर काम करायचा, सिनेमाच्या धंद्यातला नव्हता. ऑस्कर देणारी अकादमी नवख्या पटकथाकारांसाठी निकोल फेलोशिप देते, ती १९९८ साली या पटकथेला मिळाली. दिग्दर्शनासाठी आला गस व्हॅन सँट. त्याने १९९७ मध्ये 'गुड विल हंटिंग' केला होता. तिथेही हुशार पोरगा आणि दुखावलेला वडीलधारा, त्यामुळे हा सिनेमा म्हणजे त्याचीच दुसरी आवृत्ती अशी टीका झाली. अगदीच खोटी नाही ती. मॅट डेमन इथेही दोन मिनिटं दिसतो.

आता मुलाचा प्रश्न. फॉरेस्टर म्हटलं की सगळे जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाचं नाव घेतात. १९५१ साली एका कादंबरीने जगभर गाजलेला सॅलिंजर १९५३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावी गेला, १९६५ नंतर त्याने काहीही छापलं नाही आणि २०१० मध्ये तिथेच वारला. न छापण्यातच शांतता आहे, असं तो म्हणायचा. चरित्रकाराने त्याची खासगी पत्रं वापरली म्हणून तो कोर्टात गेला आणि १९८७ मध्ये जिंकला. खिडकीतून जग बघणारा आणि कुणी नाव काढलं तरी बिथरणारा फॉरेस्टर या मुशीतला आहे, यात शंका नाही.

पण पुलित्झर सॅलिंजरला कधीच मिळालं नाही. एक कादंबरी, पुलित्झर आणि नंतर मौन हा हिशेब जुळतो हार्पर ली या अमेरिकन लेखिकेशी. तिची कादंबरी १९६० ची, पुलित्झर १९६१ चं, आणि दुसरं पुस्तक यायला थेट २०१५ उजाडलं. तिसरं नाव या चर्चेत फारसं कुणी घेत नाही, मला मात्र ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राल्फ एलिसन. कृष्णवर्णीय लेखक, पहिली कादंबरी १९५२ ची, तिला नॅशनल बुक अवॉर्ड. दुसरी लिहिण्यात चाळीस वर्षं गेली, ती पुरी झालीच नाही. १९९४ मध्ये तो गेला आणि हस्तलिखितांच्या ढिगातून १९९९ मध्ये लोकांनी एक पुस्तक काढलं. एलिसनचं घर मॅनहॅटनमध्येच होतं, हार्लेमच्या बाजूला. एका कृष्णवर्णीय मुलाला लिहायला शिकवणारा एकांडा लेखक हवाच होता, तर तो स्कॉटिश गोरा का, हा प्रश्न सिनेमा बघताना मनात ठेवायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी कडवट. सॅलिंजरनेही एका हुशार तरुण लेखिकेला पत्रं लिहिली होती. १९७२ साली तो त्रेपन्न वर्षांचा होता आणि जॉइस मेनार्ड अठराची. ती शिक्षण सोडून त्याच्याकडे राहायला गेली आणि काही महिन्यांत त्याने तिला घालवून दिलं. हे तिने लिहिलं १९९८ मध्ये. त्याची पत्रं तिने १९९९ मध्ये लिलावात काढली, तेव्हा एका श्रीमंत माणसाने दीड लाख डॉलरच्या वर मोजून ती विकत घेतली, सॅलिंजरला परत द्यायला. म्हणजे हा सिनेमा घडत होता त्याच वर्षांत खऱ्या एकांड्या लेखकाची खरी गोष्ट पेपरात येत होती, आणि ती अजिबात गोड नव्हती.

फॉरेस्टर झालाय शॉन कॉनरी. एडिंबराच्या फाउंटनब्रिज वस्तीत वाढलेला आणि लहानपणीच शाळा सोडून दूध टाकायला लागलेला. सिनेमाच्या निर्मितीत त्याची कंपनीही आहे, तिचं नाव फाउंटनब्रिज फिल्म्स. जमाल झालेला रॉब ब्राउन याने आधी कॅमेऱ्यासमोर कधी काम केलं नव्हतं. फोनचं थकलेलं बिल भरायचं म्हणून तो गर्दीतल्या कामासाठी आला आणि थेट नायक झाला. गंमत म्हणजे तोही तेव्हा ब्रुकलिनमधल्या एका खासगी शाळेतच शिकत होता.

ही खासगी शाळेची भानगड आपल्या मुलांना नीट सांगावी लागेल. जमालला परीक्षेत उत्तम गुण मिळतात आणि मॅनहॅटनमधली महागडी शाळा त्याला फुकट घेते. म्हणायला गुणांसाठी, पण डोळा त्याच्या बास्केटबॉलवर. कळव्याच्या चाळीतल्या मुलाने खाडीपूल ओलांडून ठाण्यातल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत बसावं आणि तो क्रिकेटमध्ये कप आणेल तोवरच त्याचे लाड व्हावेत, तसं काहीसं. तिथे लिहायला शिकवणारे प्राध्यापक क्रॉफर्ड. ब्राँक्सचा मुलगा इतकं चांगलं लिहूच शकत नाही, ही त्यांची खात्री. संशय शैलीचा नाही, पत्त्याचा आहे.

त्या संशयाला निमित्त मिळतं ते फॉरेस्टरच्या शिकवण्याच्या रीतीतून. तो जमालला आपला एक जुना लेख देतो आणि टाइपरायटरपुढे बसवतो. हेच टाइप करत राहा, तुझे शब्द यायला लागले की तुझे टाइप कर. आपल्याकडे याला कित्ता गिरवणं म्हणतात. कित्त्यात आणि चोरीत रेघ कुठे ओढायची, यावर सिनेमाचा उत्तरार्ध उभा आहे. या घरात लिहिलेलं बाहेर न्यायचं नाही, ही फॉरेस्टरची अट. ती मोडते.

मराठी माणूस हे बघताना फॉरेस्टरच्या खुर्चीत कथाकार जी. ए. कुलकर्णींना बसवणार, हे मला ठाऊक आहे. धारवाड, काळा चष्मा, सभा-समारंभ नकोत, 'काजळमाया'ला मिळालेलं साहित्य अकादमी पारितोषिक परत. पण जी.एंनी दार लावलं तरी टपालपेटी उघडी ठेवली होती. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली त्यांची पत्रं वाचा. पुस्तकं, चित्रं, माणसं, थट्टा, चिडचिड असं काय काय आहे त्यात. शिवाय पोटापाण्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवत होता. खिडकीतून बघत बसलेला नव्हता. पत्रांचे खंड आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात मागून बघा. १८९३ पासूनची संस्था आहे, तिथे नाही तर कुठे मिळणार. मुलाला मी पहिला खंड सुचवलाय. त्याने विचारलं, "पण काका, पत्रांतून शिकवतात का?" म्हटलं, आधी वाच.

सिनेमा १३६ मिनिटांचा आहे. पाचला बरोबर सुरू करू, म्हणजे डोंबिवलीकरांना चर्चा अर्धवट टाकून स्टेशन गाठावं लागणार नाही.